घेर, क्षेत्र आणि पृष्ठ : नित्याच्या मोजमापाचा विचार

घर रंगवावयाचे असो, खोलीत फरशी बसवावयाची असो, शेताला तारेचे कुंपण घालावयाचे असो की विहीर बांधून काढावयाची असो, प्रत्येक प्रसंगी कोणी कारागीर, कंत्राटदार किंवा दुकानदार आपल्याला एक आकडा सांगतो, आणि तो पडताळून पाहण्याचे साधन हाताशी असतानाही आपण तो बहुधा निमूटपणे मान्य करतो. हे साधन म्हणजे प्राथमिक शाळेत शिकलेले परिमिती व क्षेत्रफळ यांचे गणित होय. त्याची सूत्रे बहुतेक सुशिक्षितांना पाठ असतात. लांबी व रुंदी यांचा गुणाकार केला की आयताचे क्षेत्रफळ निघते, आणि त्यांच्या बेरजेची दुप्पट केली की परिमिती निघते, हे कोणाला सांगावे लागत नाही. अडचण येते ती प्रस्तुत कामाला यांपैकी कोणते माप लागू पडते हा निर्णय घेताना, आणि पैशाचे नुकसान बहुधा या निर्णयाच्या चुकीमुळेच होते.

म्हणून हाती फीत घेण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी : जी वस्तू मला लागणार आहे ती काठाकाठाने जाणारी आहे, पृष्ठावर पसरणारी आहे, की पोकळीत भरली जाणारी आहे? कुंपणाची तार, गोधडीची किनार, चित्राची चौकट ही काठाने जातात. त्यांना परिमिती हवी आणि तिचे माप साध्या फुटांत वा मीटरांत येते. फरशी, रंग, गिलावा, पत्रा, बियाणे ही पृष्ठावर पसरतात. त्यांना क्षेत्रफळ हवे, आणि पृष्ठ एखाद्या घनवस्तूचे असेल तर तिच्या सर्व बाजूंचे मिळून पृष्ठफळ हवे. त्याचे माप चौरस फुटांत वा चौरस मीटरांत येते. पाणी, धान्य, वाळू ही पोकळी भरतात आणि त्यांचा हिशेब घनफळाचा असतो. उत्तर कोणत्या एककात यावयाचे हे आधी ठरले, म्हणजे सूत्राची निवड आपोआप होते.

खोलीचा हिशेब

समजा, एक खोली आतून १२ फूट लांब, १० फूट रुंद व १० फूट उंच आहे. तिच्या जमिनीचे क्षेत्रफळ १२० चौरस फूट आणि परिमिती ४४ फूट. या दोन संख्या आणि उंची एवढे टिपून ठेवले की त्या खोलीसंबंधीचे बहुतेक सर्व हिशेब त्यांतून निघतात. भिंतीच्या तळाशी बसणारी जी पट्टी कारागीर ‘स्कर्टिंग’ या नावाने ओळखतात ती काठाने जाते. म्हणून ४४ फुटांतून ३ फूट रुंदीचे दार वजा करून ती ४१ फूट लागेल. रंग मात्र पृष्ठावर पसरतो. चारही भिंती उलगडून एका रेषेत मांडल्या अशी कल्पना केली, तर ४४ फूट लांब व १० फूट उंच असा एकच आयत तयार होतो, आणि त्याचे क्षेत्रफळ ४४० चौरस फूट भरते. त्यांतून ७ फूट उंच व ३ फूट रुंद दाराचे २१ आणि प्रत्येकी ४ फूट चौरस अशा दोन खिडक्यांचे ३२, मिळून ५३ चौरस फूट वजा करावे; उरलेल्या ३८७ मध्ये छताचे १२० मिळवावे; म्हणजे रंगवावयाचे एकूण पृष्ठ ५०७ चौरस फूट होते. दोन हात द्यावयाचे असतील तर रंगाचा हिशेब १,०१४ चौरस फुटांचा धरावा, आणि एक लिटर रंग एका हाताला किती पृष्ठ झाकतो याचा जो आकडा डब्यावर छापलेला असतो त्याने या संख्येस भागावे. नवा गिलावा रंग अधिक शोषून घेतो. तेथे थोडी अधिक तजवीज ठेवणे इष्ट.

दारे-खिडक्यांच्या वजावटीचा प्रश्न कंत्राट ठरवितानाच निकालात काढावा. बांधकामाच्या मोजमापाची जी प्रमाणित पद्धत भारतात रूढ आहे तिच्यात अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या लहान उघाड्यांची वजावट करीत नाहीत, आणि त्याबरोबरच त्यांच्या कडांच्या कामाचे वेगळे पैसेही धरीत नाहीत. मोठ्या उघाड्यांची वजावट किती व कशी करावयाची, हे तोंडी न ठेवता करारातच लिहून घ्यावे, म्हणजे शेवटचे बिल हाती येते त्या वेळी वादास जागा राहत नाही.

याच खोलीवरून घर विकत घेणाऱ्याने ध्यानात ठेवण्यासारखी आणखी एक गोष्ट कळते. सभोवतालची भिंत ९ इंच जाडीची असेल, तर बाहेरून ही खोली १३ फूट ६ इंच लांब व ११ फूट ६ इंच रुंद भरते, आणि तिचे क्षेत्रफळ १५५.२५ चौरस फूट होते. म्हणजे आतील वापराच्या १२० चौरस फुटांपेक्षा बाहेरचे माप ३५.२५ चौरस फुटांनी अधिक आहे, आणि ही सारी वाढ भिंतींच्या जाडीची आहे. ती कोठून आली हे पडताळणेही सोपे आहे : ४४ फूट परिमिती गुणिले पाऊण फूट जाडी म्हणजे ३३ चौरस फूट, आणि चार कोपऱ्यांचे सव्वादोन चौरस फूट. स्थावर संपदेविषयीच्या २०१६ च्या केंद्रीय कायद्याने चटई क्षेत्राची जी व्याख्या केली, तिच्यात बाहेरील भिंतींनी व्यापलेली जागा वगळली आहे, बाल्कनी व उघडी गच्चीही वगळली आहे, परंतु सदनिकेच्या आतील विभाजक भिंतींची जागा धरली आहे. करारनाम्यात लिहिलेले क्षेत्र कोणत्या प्रकारचे आहे हे न पाहता केवळ दराची तुलना करणे म्हणजे दोन भिन्न वस्तूंची तुलना करण्यासारखे होय.

जिन्नस कोणत्या मापात मिळतो?

क्षेत्रफळ अचूक काढूनही माल कमी पडावा, असा अनुभव पुष्कळांना येतो, आणि त्याचे कारण असे की बाजारात क्षेत्रफळ विकत मिळत नाही. ठरावीक मापाची फरशी मिळते, ठरावीक पन्ह्याचे कापड मिळते, ठरावीक लांबी-रुंदीचा पत्रा मिळतो. एक खोली ३ मीटर ४३ सेंटिमीटर लांब व २ मीटर ९० सेंटिमीटर रुंद आहे, आणि तीत ६० सेंटिमीटर चौरस फरशी बसवावयाची आहे, असे धरा. खोलीचे क्षेत्रफळ सुमारे ९.९५ चौरस मीटर आणि एका फरशीचे ०.३६; भागाकार केला तर २८ फरशा पुरतील असे वाटते. प्रत्यक्षात लांबीच्या दिशेने ५ अखंड फरशा बसून ४३ सेंटिमीटर जागा उरते, आणि रुंदीच्या दिशेने ४ अखंड फरशा बसून ५० सेंटिमीटर उरते. त्या जागा भरण्यासाठी कापलेल्या फरशांचे जे तुकडे शिल्लक राहतात ते १७ व १० सेंटिमीटर रुंदीचे असल्यामुळे दुसरीकडे कोठेही उपयोगी पडत नाहीत. म्हणून ओळीत ६ याप्रमाणे ५ ओळी, म्हणजे ३० फरशा लागतात. शिवाय फुटतुटीसाठी काही जादा घ्याव्या लागतात त्या निराळ्याच. पेटीत चार फरशा येत असतील तर आठ पेट्यांची खरेदी करावी, सातांची नव्हे.

याच ठिकाणी आणखी एक सूक्ष्म तफावत लक्षात घ्यावी. बाजारात जिला ‘दोन फुटी’ फरशी म्हणतात तिची बाजू वस्तुतः ६० सेंटिमीटर असते, आणि दोन फूट म्हणजे जवळजवळ ६१ सेंटिमीटर. बारा फुटांच्या खोलीत सहा फरशा बरोबर बसतील अशा समजुतीने माल आणला, तर अखेरीस भिंतीलगत सुमारे पाच ते सहा सेंटिमीटरांची फट राहते. ती स्कर्टिंगखाली झाकली जात नाही आणि तिच्यासाठी बारीक पट्ट्या कापाव्या लागतात. म्हणून फरशीचे काम मीटर-सेंटिमीटरांतच मोजावे, आणि कारागिराकडून पहिली ओळ कोरडी मांडून घ्यावी, म्हणजे कापलेली पट्टी दारासमोर न येता कोणत्या भिंतीकडे न्यावी हे वेळेवर ठरविता येते.

कापडाच्या बाबतीतही मांडणीचा विचार क्षेत्रफळाच्या हिशेबाइतकाच महत्त्वाचा आहे. ७ फूट लांब व ५ फूट रुंद गोधडीला ४४ इंच पन्ह्याचे अस्तर लावावयाचे आहे. पन्हा गोधडीच्या रुंदीकडे ठेवला तर ६० इंच झाकण्यासाठी दोन पट्टे जोडावे लागतात, आणि प्रत्येक पट्टा ७ फुटांचा असल्याने १४ फूट कापड लागते. तोच पन्हा लांबीकडे फिरविला तर दोन पट्ट्यांनी ८८ इंच झाकले जातात, गोधडीचे ८४ इंच पुरे होऊन शिवण व दुमड यांसाठी ४ इंच उरतात, आणि पट्टा ५ फुटांचाच असल्याने १० फुटांत काम भागते. दुमडीसाठी थोडे अधिक धरून सव्वातीन मीटर कापड घेतले की पुरे. क्षेत्रफळ दोन्ही वेळा तेच, ३५ चौरस फूट. किनारही दोन्ही वेळा तीच, २४ फूट. केवळ पन्ह्याची दिशा बदलल्याने चार फूट कापड वाचले. कापावयास घेण्यापूर्वी कागदावर लहानशी आकृती काढून दोन्ही दिशांनी हिशेब करून पाहावा, हा यातला बोध.

शेताचे क्षेत्र आणि शेताचा घेर

घरातील चूक काही फरशांची किंवा हातभर कापडाची असते; शेतातील चूक पिढ्यान्पिढ्या नडते. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद म्हणजे १,०८९ चौरस फूट जागेचा एक गुंठा, आणि अशा ४० गुंठ्यांचा एक एकर, म्हणजे ४३,५६० चौरस फूट. हा एक एकर चौरस असेल तर त्याची बाजू सुमारे २०९ फूट आणि परिमिती सुमारे ८३५ फूट येते. तोच एकर ६६ फूट रुंद व ६६० फूट लांब असेल तर परिमिती १,४५२ फूट होते. आणि ३३ फूट रुंद व १,३२० फूट लांब अशा पट्टीचा असेल तर ती २,७०६ फुटांवर जाते. क्षेत्र तिन्ही ठिकाणी एकच असताना चौपदरी तारेच्या कुंपणास पहिल्या शेतात सुमारे ३,३४० फूट, दुसऱ्यात ५,८०८ फूट आणि तिसऱ्यात १०,८२४ फूट तार लागते. एकरी कुंपणाचा खर्च अमुक, असा सरसकट दर जो सांगतो त्याचा अंदाज म्हणूनच भरवशाचा नसतो. कुंपणाचा खर्च शेताच्या घेरावर ठरतो.

खांबांच्या संख्येविषयीही एक नियम ध्यानात ठेवावा. बंद कुंपणात परिमितीस खांबांतील अंतराने भागले की खांबांची संख्या मिळते; ६६ फूट व ६६० फूट बाजूंच्या शेतास ११ फुटांवर एक याप्रमाणे १३२ खांब लागतील. परंतु एकाच बाजूस, सरळ ओळीत कुंपण घालावयाचे असेल तर सुरुवातीचा एक खांब अधिक धरावा लागतो. ६६० फुटांच्या एका बाजूस ६१ खांब लागतात, ६० नव्हेत.

भावाभावांत वाटणी होते तेव्हा प्रत्येकाला रस्त्याची कड, विहिरीचे पाणी आणि चांगल्या मातीचा अंश मिळावा या न्याय्य हेतूने शेत लांबीच्या दिशेने चिरले जाते, आणि पुढच्या पिढीत त्या पट्ट्या पुनः चिरल्या जातात. या वाटणीत जमिनीचे क्षेत्र समान राहते, परंतु बांधाखाली जाणारी जमीन वाढत जाते, आणि ती किती वाढते हे परिमितीवरून ताबडतोब कळते. सभोवार ३ फूट रुंदीचा सामाईक बांध असून त्याची निम्मी रुंदी, म्हणजे दीड फूट, आपल्या बाजूस पडते असे धरले, तर चौरस एकरात सुमारे सव्वा गुंठ्याहूनही कमी जमीन बांधाखाली जाते. ३३ फुटी पट्टीच्या एकरात मात्र सुमारे पावणेचार गुंठे जातात. १९४७ साली मुंबई इलाख्यात धारणजमिनींचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करणारा व त्यांच्या एकत्रीकरणाची तरतूद करणारा कायदा झाला. जमिनीच्या तुकड्यांचा प्रश्न किती गंभीर होता याची ती कबुलीच होती. वाटणीला बसणाऱ्यांनी क्षेत्राबरोबर घेराचाही हिशेब मांडावा, आणि शक्य तेथे रस्ता व पाणी यांचा हक्क सामाईक ठेवून तुकडे आटोपशीर, चौरसाच्या जवळपासचे पाडावेत, हे सर्वांच्याच हिताचे आहे.

याहूनही मोठी चूक वाकड्या-तिकड्या चौकोनी शेताच्या मोजणीत होते. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करण्याची रीत गावोगाव प्रचलित आहे, आणि चारही कोपरे काटकोनी असतील तर ती बिनचूकही ठरते. परंतु कोपरे तसे नसतील तर काय घडते ते पाहावे. प्रत्येक बाजू १०० फूट असा चौरस घेतला तर क्षेत्र १०,००० चौरस फूट, म्हणजे नऊ गुंठ्यांच्या थोडे वर. आता बाजू त्याच ठेवून चौकोन तिरका केला, आणि त्याचे कर्ण १६० व १२० फूट झाले, तर क्षेत्र ९,६०० चौरस फूट होते. तो आणखी तिरका होऊन कर्ण १९२ व ५६ फूट झाले, तर क्षेत्र अवघे ५,३७६ चौरस फूट, म्हणजे पाच गुंठ्यांहूनही थोडे कमी उरते. तिन्ही आकृतींची परिमिती ४०० फूट, आणि सरासरीची रीत तिन्हींना १०,००० चौरस फूटच सांगेल. घेरावरून क्षेत्र ठरत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता द्यावा?

बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘लीलावती’च्या क्षेत्रव्यवहारात नेमका हाच मुद्दा मांडला आहे. केवळ चार बाजूंवरून चौकोनाचे क्षेत्र निश्चित होत नाही, त्यासाठी एखादा कर्ण किंवा लंब माहीत असला पाहिजे, असे त्यांनी दाखवून दिले, आणि ही माहिती न देता क्षेत्र विचारणाऱ्याची व सांगणाऱ्याची कठोर शब्दांत संभावना केली. ज्या आचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापिल्याचा शिलालेख चाळीसगावजवळील पाटण येथे आहे, त्यांचा हा नियम महाराष्ट्रातील प्रत्येक शेतकऱ्याच्या उपयोगाचा आहे. तो अमलात आणण्याची रीतही सोपी आहे. शेताच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांमध्ये दोरी ताणून कर्ण मोजावा. उरलेल्या दोन कोपऱ्यांपासून त्या दोरीवर काटकोनात लंब टाकून तेही मोजावे. दोन्ही लंबांच्या बेरजेस कर्णाने गुणून निम्मे करावे. वरील तिसऱ्या आकृतीत कर्ण १९२ आणि लंब प्रत्येकी २८ फूट. त्यांची बेरीज ५६. गुणाकाराचे निम्मे ५,३७६. लंब खराच काटकोनात आहे की नाही हे पाहण्यासाठी गवंड्याचा गुण्या अपुरा पडतो. तेथे ३, ४ व ५ हात अशा बाजूंचा दोरीचा त्रिकोण करावा, कारण त्यातील ३ व ४ या बाजूंमधील कोन नेहमी काटकोन असतो.

विहीर आणि वर्तुळाचा लाभ

बंदिस्त आकृतींमध्ये एक विशेष न्याय असा आहे की, ठरावीक घेरात सर्वाधिक क्षेत्र सामावून घेण्याचे सामर्थ्य वर्तुळाचे असते. २१ फूट व्यासाच्या विहिरीचा परीघ, व्यासास बावीस सप्तमांशांनी गुणले असता, ६६ फूट येतो. परीघ गुणिले व्यास, भागिले चार, या ‘लीलावती’तील रीतीने तिच्या तोंडाचे क्षेत्र ३४६.५ चौरस फूट निघते. तेवढ्याच, ६६ फूट घेराची विहीर चौरस खणली तर तिची बाजू साडेसोळा फूट आणि क्षेत्र केवळ २७२.२५ चौरस फूट राहील. म्हणजे बांधकाम जवळपास तेवढेच लागूनही गोल विहिरीत पाणी सव्वापटीहून अधिक साठते; शिवाय सभोवारच्या मातीचा दाब गोल भिंत अधिक चांगला सोसते.

विहीर ३० फूट खोल बांधून काढावयाची असेल, तर आतील पृष्ठ म्हणजे परीघ गुणिले खोली, ६६ गुणिले ३०, म्हणजे १,९८० चौरस फूट होते. गवंडी याला सुमारे वीस ब्रास म्हणेल, कारण पृष्ठाच्या कामात १०० चौरस फुटांचा एक ब्रास धरतात. पण वाळू, खडी व दगड यांच्या व्यवहारात ब्रास म्हणजे १०० घनफूट. नाव एक आणि मापे दोन असल्यामुळे ब्रासचा दर ठरविताना तो पृष्ठाचा की घनाचा हे लिहून घेणे अत्यंत आवश्यक आहे.

पाण्याच्या टाकीलाही हीच दृष्टी लावावी. आतून २ मीटर लांब, दीड मीटर रुंद व १.२ मीटर उंच टाकीत ३,६०० लिटर पाणी मावते, हा घनफळाचा हिशेब. तिला आतून गळतीप्रतिबंधक लेप द्यावयाचा असेल तर ७ मीटर परिमितीस १.२ मीटर उंचीने गुणून भिंतींचे ८.४ आणि तळाचे ३, मिळून ११.४ चौरस मीटर पृष्ठ धरावे. झाकणाची आतील बाजूही लेपावयाची असेल तर आणखी ३ मिळवावे.

मोजणीची शिस्त

आता काही सूचना, ज्या पाळल्या असता बहुतेक चुका टळतील. फूट व इंच यांचे दशांशात रूपांतर करताना सावध राहावे; १० फूट ६ इंच म्हणजे साडेदहा फूट, १०.६ नव्हे, आणि ९ इंच म्हणजे ०.७५ फूट. खोलीच्या समोरासमोरच्या दोन्ही भिंती स्वतंत्रपणे मोजाव्या आणि दोन्ही कर्णही मोजावे. समोरासमोरच्या बाजू व दोन्ही कर्ण समान भरले तरच खोली काटकोनी समजावी. एका हिशेबात फूट आणि मीटर मिसळू नयेत. एक चौरस मीटर म्हणजे सुमारे १०.७६ चौरस फूट. सातबाराच्या उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर व आर यांत लिहिलेले असते. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, आणि गुंठा त्याहून किंचित मोठा. दोन्ही एकच धरले तर एकरामागे जवळजवळ अर्ध्या गुंठ्याचा फरक पडतो. बाजू दुप्पट झाली की परिमिती दुप्पट होते, परंतु क्षेत्र चौपट होते. मांडव, गच्ची किंवा पटांगण वाढविताना खर्चाचा अंदाज या नियमाने बांधावा.

डोंगरउतारावरील जमीन मोजताना फीत उतारावर न टेकविता टप्प्याटप्प्याने सपाटीत धरावी, कारण जमिनीचे क्षेत्र नकाशावर सपाटीतच नोंदले जाते. कुंपणाची तार मात्र उतारावरूनच जाणार असल्याने ती नकाशाच्या घेरापेक्षा अधिक लागते. आणि हेही स्पष्टपणे ध्यानी ठेवावे की, आपण स्वतः केलेली मोजणी आपल्या समजुतीसाठी व अंदाजासाठी असते. हद्दीविषयी शेजाऱ्याशी वाद असेल तर तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात रीतसर अर्ज करून सरकारी मोजणी करून घेणे हाच मार्ग होय. मात्र मोजणीच्या दिवशी जो शेतकरी आपले कर्ण व लंब आधीच टिपून आणतो, त्याला मोजणीदार काय करीत आहे हे समजते आणि योग्य वेळी योग्य प्रश्न विचारता येतो.

प्रत्येक घरात एक टिपणवही ठेवावी, आणि तीत प्रत्येक खोलीची लांबी, रुंदी, उंची, परिमिती, दारा-खिडक्यांची मापे, त्याचप्रमाणे शेताच्या बाजू, एक कर्ण व दोन लंब आकृतीसह लिहून ठेवावेत. हे काम मुलांकडून करवून घ्यावे; फीत एकाने धरावी, दुसऱ्याने वाचावे, तिसऱ्याने लिहावे. पुस्तकातील आयताचे ज्या मुलाने कंटाळून क्षेत्रफळ काढले, तेच मूल स्वतः राहत असलेल्या खोलीला किती रंग लागेल हे सांगू लागले म्हणजे त्याचे गणित पक्के होते. आणि रंगाऱ्याचे, फरशीवाल्याचे किंवा कुंपणाच्या कंत्राटदाराचे अंदाजपत्रक हाती येईल तेव्हा त्यातील प्रत्येक आकड्यापुढे तो फुटांचा, चौरस फुटांचा की घनफुटांचा हे लिहून घेतल्याशिवाय आणि आपल्या वहीतील मापाशी तो ताडून पाहिल्याशिवाय त्यावर सही करू नये.